दोन साक्षीदार आणि एक शीळ

आयुष्याची तीस वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात घालवलेल्या मनुष्यास पक्ष्यांविषयी विशेष ममत्व असावे, असे काही कारण नाही. त्याने उडताना पाहिलेल्या वस्तू म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने उडणारे अर्ज आणि मार्चअखेरीस उडून जाणारे अनुदान. तरीही निवृत्तीनंतर काहीतरी निरुपद्रवी व्यसन लावून घ्यावे, या कुटुंबाच्या आग्रहास मान देऊन मी आमच्या वसाहतीतल्या पक्षिनिरीक्षकांत दाखल झालो आणि जुलैतल्या एका रविवारी, आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत असता, भाड्याच्या बसमधून कर्नाळ्यास रवाना झालो.

असल्या दिवशी शहाणी माणसे भजी खातात. मग आपणच का निघालो, अशी पृच्छा मी बसमध्ये केली, तेव्हा मंडळाचे चिटणीस अण्णा यांनी तिबोटी खंड्याचे प्रकरण माझ्यापुढे मांडले. चिमणीहूनही लहान असा हा रंगेल खंड्या पावसाच्या तोंडावर कोकणात दाखल होतो, कारण ओढ्याकाठची दरड भिजून मऊ झाल्यावाचून त्याला तीत घरट्याचे बीळ कोरता येत नाही, आणि पिलांच्या मुखी घालण्यास लागणारे लहानसहान बेडूक व किडे यांची रसदही याच दिवसांत मुबलक असते. पायास तीनच बोटे, म्हणून तिबोटी. जमीन अनुकूल होईपर्यंत निमूटपणे थांबणारा आणि एकदाही कचेरीत खेटे न घालणारा असा अर्जदार माझ्या उभ्या नोकरीत मला भेटला नव्हता, त्यामुळे त्याच्याविषयी तत्काळ आदर उत्पन्न झाला. मंडळाचा मुख्य नियम ऐकून तर मला माहेरी आल्यासारखे वाटले: नोंदवहीत पक्षी चढवावयाचा तर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.

१९६८ साली पक्ष्यांसाठी राखलेल्या या अभयारण्याच्या माथ्यावर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका उभा आहे. त्या दिवशी तो ढगांत गडप होता, आणि निशाणी अंगठ्याशिवाय आलेला कागद पाहून जी अस्वस्थता मला पूर्वी वाटत असे तीच त्या निसर्गदृश्याने वाटली. पक्षी बुजू नयेत म्हणून सर्वांनी चिखलाच्या रंगाची वस्त्रे परिधान करावीत, असे अण्णांचे फर्मान होते. परिणामी पक्ष्यांचे माहीत नाही, पण आम्ही अकराजण अर्ध्या तासात परस्परांस दिसेनासे झालो. उसन्या दुर्बिणीत आतून वाफ धरल्याने मला एकाच वेळी दोन धुकी दिसत होती, एक सृष्टीचे आणि एक शेजाऱ्यांच्या मालकीचे. कोणी कुरकुरू लागला की अण्णा १९३० साली याच जिल्ह्यात, किहीमला, सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास करणाऱ्या सलीम अलींचा दाखला देत. घरटे विणतो नर आणि मादी केवळ पाहणी करून ते पसंत किंवा नापसंत करते, हे मला त्या दिवशी कळले. तरी मराठीने सगळे श्रेय सुगरणीला दिले आहे, आणि विवाहित मनुष्याने या व्यवस्थेविरुद्ध अपील करू नये हे उत्तम.

इतक्यात शीळ ऐकू आली. रिकामटेकड्या मुलाने सूर विसरत, आठवत घालावी तशी, लांबलचक, निवांत. ‘शीळकरी कस्तूर!’ अण्णा कुजबुजले. हा निळाकाळा पक्षी पावसाळ्यात गातो तो थेट माणसासारखा. परंतु एका जाणत्याने हरकत घेतली, की भृंगराजही दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो, आणि भृंगराज हा कोतवालांच्या कुळातला. कोतवालच जर तोतया निघू लागला तर पंचनामा करावा कोणी? पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशव्यांच्या दरबारासही बेजार केले होते, हे स्मरून मी मौन पाळले. अखेर बहुमताने कस्तूर मंजूर झाला. दुसरा साक्षीदार म्हणून अण्णांनी वही माझ्यापुढे धरली आणि मी, तीस वर्षांच्या सवयीने, न वाचता सही केली.

परतताना छत्री विसरल्याचे ध्यानी येऊन मी एकटाच ओढ्याकडे मागे वळलो. दुर्बीण पिशवीत होती. चार हातांवर, ओल्या फांदीवर, नारिंगी, जांभळ्या, निळ्या रंगांचा एक मूठभर तुकडा बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मान दोनदा खालीवर केली, आणि तो गेला. मी धावत अण्णांना गाठले.

‘साक्षीदार?’ अण्णांनी विचारले.

‘तोच,’ मी म्हणालो. ‘तो माझ्याकडे पाहत होता.’

‘पक्षकार साक्षीदार होऊ शकत नाही,’ अण्णा म्हणाले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते चूक होते असे मला म्हणवत नाही.

बस फाटकापाशी उभी होती. चालक पुढची काच पुसत होता आणि पुसता पुसता, सूर विसरत, आठवत, लांबलचक शीळ घालीत होता. मी अण्णांकडे पाहिले. अण्णा वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिला गाठ मारीत होते. पहिली पुरेशी न वाटून त्यांनी दुसरीही मारली.

‘काय साहेब, गावला का एखादा?’ चालकाने विचारले.

‘एक,’ अण्णा म्हणाले. ‘आवाजावरून.’