सेक्रेटरी

आमच्या सेक्रेटरींना स्वतःचं नाव आहे, पण ते फक्त लाइट बिलावर दिसतं. हाटकेशमधल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणतात. रागावल्या की वहिनीसुद्धा. खाली पंप सुरू झाला की नुसत्या आवाजावरून ते गच्चीवरची टाकी किती भरली ते सांगतात. कुणाकडे सत्यनारायणाला गेले, तर तीर्थाला हात पुढे आणि नजर छताच्या ओलीवर. ‘वरच्यांचं बाथरूम,’ असं ते प्रसादाच्या द्रोणात पुटपुटतात.

मे महिन्यात आमची चार बिऱ्हाडं सिंगापूरला गेली. मुलांच्या हट्टापायी. आमच्या लहानपणी भाईंदरहून गोराईला एस्सेलवर्ल्डला गेलं की परदेशी जाऊन आल्यासारखं वाटायचं; आता ते बंद पडलं आणि मुलांना खरंच परदेश लागतो. चौथ्या दिवशी सेंटोसा बेटावर, युनिव्हर्सल स्टुडिओला. दारातल्या त्या फिरत्या पृथ्वीगोलासमोर आम्ही दात काढून फोटो काढत होतो, तर सेक्रेटरी गोलाला प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, “मोटर कितीची असेल हो?”

अकराच्या सुमारास आभाळ फाटलं. तिथे वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. लाल-निळ्या रुळांवरून माणसांना उलटंपालटं नेणारं ते धूड एकदम गप्प झालं. मुलांची तोंडं एवढीएवढीशी. पार्कात रेनकोट विकायला होते. सेक्रेटरींनी भाव विचारला, साठने गुणलं, मग सोळा माणसांनी गुणलं.

“एका बाथरूमचं वॉटरप्रूफिंग होतं एवढ्यात,” ते म्हणाले आणि पाठीवरची सॅक उघडली.

हाटकेशच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांच्या मित्राचा प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गाळा आहे. सूटवर घालायच्या लांब, पारदर्शक पिशव्या. हँगरच्या भोकातून डोकं बाहेर काढायचं, की झाला रेनकोट. हात मात्र आतच राहतात. अशा तऱ्हेने आम्ही सोळा जण ड्रायक्लीन होऊन आल्यासारखे सिंगापूरच्या पावसात उभे राहिलो. प्रत्येकाच्या छातीवर ठळक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं : ही पिशवी खेळणं नाही, लहान मुलांपासून दूर ठेवा. आठ लहान मुलं ती सूचना अंगावर मिरवत होती. एका जपानी आजींनी आमचा फोटो काढला. पृथ्वीगोलाचा नाही काढला, आमचा काढला.

ममीची राइड छपराखाली, त्यामुळे अख्खं पार्क तिथे लोटलं होतं. आम्हीही पिशव्या गुंडाळून रांगेत शिरलो. सेक्रेटरी आले नाहीत. “पैसे भरलेत हो!” असं वहिनी म्हणाल्या, तर ते म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मी जरा पाणी बघतो.”

तासाभराने आम्ही ओरडून ओरडून घसा बसवून बाहेर आलो, तर हे फरसबंदीवर उकिडवे बसलेले. हातात झाडाचं एक वाळकं पान.

“बघा,” म्हणाले. पान त्यांनी वाहत्या पाण्यात सोडलं. ते तुरुतुरु निघालं. हे त्याच्या बाजूने वाकून चालू लागले, पिशवीतून एक हात कसाबसा बाहेर. पंधरा-वीस पावलांवर दोन फरश्यांमधल्या बोटभर फटीत पाणी गडप होत होतं. पान फटीवर आडवं राहिलं. त्यांनी ते उचललं, पुसलं आणि परत वरच्या टोकाला नेऊन सोडलं.

“वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो इथे. आपल्याकडे पडतो तेवढाच जवळजवळ! पण उतार बघा. गटार दिसतंय कुठे?”

तेवढ्यात पार्कातला एक कर्मचारी, काही हरवलं का म्हणून, विचारायला आला. सेक्रेटरींनी त्याला प्रथम उताराबद्दल शाबासकी दिली आणि मग सव्वीस जुलै सांगितला. २००५ साल, सांताक्रूझ, चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. हा आकडा ते पॅन नंबरासारखा पाठ म्हणतात. “नाइन फोर फोर!” त्या पोराने अदबीने मान हलवली. त्याला बहुधा तो लॉकरचा नंबर वाटला.

चारच्या सुमारास ऊन पडलं, राइड्स सुरू झाल्या. आम्ही डायनोसोरांच्या बोटीत बसून परत नखशिखांत भिजलो. सेक्रेटरींच्या मोबाइलमध्ये मात्र त्या दिवसाचा एकच व्हिडिओ आहे, अकरा मिनिटांचा. सोसायटीच्या मीटिंगला त्यांनी तो पार्किंगमध्ये चादर लावून दाखवला. सातव्या मिनिटाला एक काका म्हणाले, “राइड कधी सुरू होते?” सेक्रेटरी म्हणाले, “हीच.”

जुलैत आमच्या गल्लीत नेहमीसारखं पाणी चढलं, स्कूटरच्या सायलेन्सरपर्यंत. खिडकीतून पाहिलं, तर गेटाबाहेर सेक्रेटरी. पँट गुडघ्यावर, अंगावर तीच सुटाची पिशवी. त्यांनी वाकून पाण्यात एक पान सोडलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

पान बराच वेळ जागचं हललं नाही. मग सावकाश गोल फिरलं आणि गेटातून आत आलं.