ढग आला म्हणून...

लातूरच्या माणसाला ढगाचं कौतुक जरा बेतानंच सांगावं. आम्ही ढग बघून सोयाबीन पेरतो आणि मग पंधरा दिवस मान वर करून बसतो. 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं हे गाव. त्यामुळे "संस्थेचं सगळं दप्तर आता क्लाउडवर जाणार" असं बैठकीत जाहीर झालं, तेव्हा आमच्या बडेबाबूंनी एकच विचारलं, "सर, हा तरी बरसंल ना?"

त्यांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात प्रवेश-निर्गमाच्या वह्या लाल कापडात बांधलेल्या असतात. टी.सी. मागायला कुणी आलं की शिपाईमामा गाठ सोडतात, धूळ फुंकतात. बाबू बोटाला थुंकी लावतात आणि चौथ्या पानावर नोंद हजर! निजाम गेला, वह्या राहिल्या. 2023 साली मराठवाडाभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशाच जुन्या दप्तरांना सोन्याचं मोल आलं आणि उर्दू वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना चहा मिळू लागला.

मग मामांनी शंका काढली, "पण हा ढग असतोय कुठं?" मी सांगितलं, मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या इमारतीत. यंत्रं तापतात, ती गार ठेवायला पुष्कळदा पाणी लागतं. ढगच पाणी पितो हे ऐकून मामांनी कपाळाला हात लावला.

तरी ढग बरसला. किनवटकडची आमची एक विद्यार्थिनी सुट्टीत गावी गेली होती. शिष्यवृत्तीसाठी बोनाफाइड हवं होतं. पूर्वी एका सहीसाठी तिच्या वडिलांनी रात्रभर एस.टी.त हाडं खिळखिळी करून घेतली असती. यंदा दाखला फोनवर पोचला. 1994 साली नांदेडला विद्यापीठ झालं आणि आमची औरंगाबादची वारी सुटली. आता नांदेडच्याही बऱ्याच फेऱ्या वाचतात. कागद माणसाच्या जवळ येत गेला, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

बडेबाबू आता झटक्यात माहिती चढवतात. मग शांतपणे पेन काढून तीच नोंद वहीत करतात. मी हसलो तर म्हणाले, "सर, ढग आला म्हणून विहीर बुजवीत नसतेत."

आणि क्लाउडचा पासवर्ड? तो लाल कापडातल्या वहीच्या शेवटच्या पानावर, सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे.