चुन्याचा उजेड

‘मला लाइमलाइटपासून दूर राहायला आवडतं.’ रविवारच्या पुरवणीतल्या मुलाखतींत हे वाक्य हमखास भेटतं. शेजारी अर्धं पान व्यापलेलं छायाचित्र, त्यात हनुवटीला तळहाताचा टेकू आणि नेमका गालावर उतरलेला उजेड. दूर राहणं इतक्या जवळून पाहायला मिळावं, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

लाइम म्हणजे लिंबू धरलं तर या शब्दाला एक हिरवट, आंबूस झाक येते, आणि प्रसिद्धीला ती शोभूनही दिसते. पण हा लाइम पानाच्या डब्यातला. कळीच्या चुन्याच्या कांडीवर प्राणवायू आणि हायड्रोजनची ज्योत सोडली, की कांडी वितळत नाही. तापून शुभ्र झळाळते. थॉमस ड्रमंड या लष्करी अभियंत्यानं १८२५ साली आयर्लंडच्या मोजणीत असा दिवा डोंगरावर ठेवला, तेव्हा तो १०० किलोमीटरहून लांब दिसला. एका डोंगरानं दुसऱ्याला डोळा घालावा तसा. १८३७मध्ये तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात शिरला आणि नटनट्यांवर पडू लागला. आपल्याकडे चुना लागला की माणूस फसतो, तिकडे तो उजळू लागला. (दोन्हींत फार अंतर नाही, असं एखादा निर्माता म्हणेलही.)

ज्योत एकाच जागी राहिली तर कांडीला खड्डा पडे, म्हणून ती सारखी जराजरा फिरवावी लागे. त्यासाठी वर अंधारात एक माणूस बसलेला. शेजारी वायूच्या पिशव्या, त्यांवर दाबाला वजनं, आणि ज्योतीचं अखंड फुसफुसणं. खाली नायिका प्राण सोडते आहे, प्रेक्षक रुमाल शोधताहेत, आणि हा तिला उजेडात मरता यावं म्हणून चुना फिरवतो आहे. तिच्या मरणाला घाई नसे, चुन्याला असे. पुढे वीज आली, चुना गेला. पण ब्रिटिश रंगभूमीवर नटामागे फिरणाऱ्या झोताला अजून ‘लाइम’च म्हणतात, आणि तो झोत फिरवणाऱ्या माणसालाही.

आमच्याकडे वरातीत गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन बाया चालत. त्या बत्तीची जाळीही चुन्याच्याच गोत्रातली: कापड जळून जातं आणि मागे उरलेलं भस्म तापून झळाळतं. सारा गाव त्या उजेडात नवरदेवाचा फेटा न्याहाळी. बाईचा चेहरा मात्र चुंबळीखालच्या सावलीत. तो पाहिल्याचं कुणाला आठवत नसे. एकदा गर्दीत माझी चप्पल निसटली. मी रडू लागलो, तशी त्यांच्यातली एक थबकली आणि मान ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून, माझ्यापुढे उजेड धरून राहिली. तेवढा वेळ नवरदेव अंधारात गेला, घोडाही. मागून मुलाचे मामा ओरडले, “ए बत्ती, पुढं चल!”

“थांबा की वाईच,” बत्ती म्हणाली, “पोराची चप्पल हाय.”