चौदा चेरी आणि एक बटाटा

लेस्टर,
शनिवार, कुकर लावून

ती. आईस,


तुझा कालचा फोन झाल्यापासून तुझा जावई निखिल मला ‘दुष्काळग्रस्त’ अशीच हाक मारतोय. आई, अबीर कॅमेऱ्यासमोर चेरी मोजून खात होता ते घरात चेरी संपल्या म्हणून नव्हे. आणि बाबांनी मागून ‘पैसे धाडू का?’ असं ओरडायची काही गरज नव्हती. (ओरडले ते बरं वाटलं, पण त्यांना सांगू नकोस.) 14 चेरी झाल्या की एक वाटा होतो. तेरावर होत नाही. म्हणून पोरगं मोजत होतं.

झालंय असं, की माणसाने रोज फळं-भाज्यांचे पाच वाटे खावेत असं इथल्या सरकारचं म्हणणं आहे. वाटा 80 ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला 400 ग्रॅम. आकडा मुळात जागतिक आरोग्य संघटनेचा. इथे 2003 पासून त्याची ‘फाइव्ह अ डे’ म्हणून दवंडी चालू आहे आणि रसाच्या खोक्यापासून वाटाण्याच्या डब्यापर्यंत सगळ्यांवर ती छापलेली असते. त्यांच्याच सरकारी पाहण्या सांगतात की बहुतेकांचे पाच काही होत नाहीत. आता अबीरच्या शाळेतून तक्ता आलाय, फ्रिजवर चिकटवायचा, रोजचे पाच चौकोन. त्याने खाली आमची दोघांचीही नावं घातली आहेत. त्याचा एक चौकोन शाळेतच भरतो, कारण त्याच्या वयाच्या मुलांना सरकार तिथे रोज एक फळ नाहीतर भाजी फुकट देतं. कच्चं गाजर मिळालं की घरी येऊन मला ऐकवतो, ‘माझं एक झालं, तुझं?’ माझं कसलं होतंय! सकाळपासून चहा आणि त्याने टाकलेल्या टोस्टच्या कडा.

शिट्टी झाली. आले.

तर बटाटा. बटाटा धरत नाहीत! उकडा, तळा, भाजा, शून्य. मी दोनदा वाचून पाहिलं. कारण असं की हे लोक बटाटा पोळी-भाताच्या जागी खातात, त्यामुळे तो पिष्टात जमा. पटण्यासारखं आहे, म्हणूनच जास्त राग येतो. डब्यातले ते टोमॅटोच्या गोडसर रसातले बीन्स टोस्टवर ओतून खाल्ले तर एक वाटा, आणि तू केलेली आलं-मिरचीची, वरून लिंबू पिळलेली बटाट्याची भाजी म्हणजे काहीच नाही. रताळं मात्र चालतं. बाबांनी मागे फोनवर तुझा एकादशीचा फराळ वाचून दाखवला, तेव्हा अबीर पेन्सिल घेऊन बसला होता. साबुदाण्याची खिचडी शून्य (साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही बटाट्याच्याच पंगतीत). बटाट्याचा कीस शून्य. दाण्याची आमटी शून्य. रताळ्याचे काप एक, केळं एक. ‘आजी फेल,’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘पण देवाला चालतं ना?’ मी म्हटलं, देवाने तक्ता पाहिलेला नाही.

डाळी-कडधान्यांचा नियम तर आपल्या जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीने लिहिल्यासारखा आहे. दिवसभरात कितीही खा, वाटा एकच. सकाळी मुगाची उसळ, दुपारी आमटी, रात्री मसूर, सगळे मिळून एक. रसाचंही तेच. 150 मिलिलिटरला एक, पुढे बादलीभर प्यायलात तरी एकच. कांदा मात्र धरतात, एक मध्यम कांदा म्हणजे एक वाटा. हे कळल्यापासून निखिल खेकडा भज्यांकडे औषध म्हणून बघायला लागलाय.

पार्सल मिळालं, आतलं पत्रही. मेतकूट सांडलं नाही, कुरडया निम्म्या मोडल्या, पण तळल्यावर कोणाला कळतंय. फणसपोळी मोजायची की नाही यावर घरात दोन तट पडलेत. सुकं फळ 30 ग्रॅमला एक वाटा. अबीर म्हणतो फणस फळ आहे. निखिल म्हणतो त्यात आजीने साखर किती घातलीय ते विचार. विचारणार नाही. निकाल लागेपर्यंत पोळी अर्धी संपलीय.

सुमाआत्याने पुन्हा काशीचं तिकीट काढलं हे वाचून आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या बाईंनी भिंत वाजवली. आणि बंड्याच्या होणाऱ्या बायकोला ‘फार बोलते’ म्हणणं थांबव. आपल्या घरात न बोलणारं माणूस टिकलंय कधी?

सगळ्यात कहर आंब्याचा. सरकारी यादीप्रमाणे आंब्याचा एक वाटा म्हणजे 5 सेंटीमीटरच्या दोन फोडी! बाबांना हे जेवण झाल्यावर सांग, आधी नको. काल बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती दुकानातून हापूसची पेटी आणली. डझनाला वीस पौंड. पौंडाचे शंभरावर रुपये होतात, गुणाकार तू कर आणि मनातच ठेव. दुकानदार म्हणाले, ‘बेन, मिळतंय हेच नशीब समजा.’ खरंच आहे ते. 2014 च्या मे महिन्यात फळमाशी सापडली म्हणून युरोपने आपल्या आंब्याला दारच बंद केलं होतं, सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळूलाही. आंब्याची बंदी उठली ती पुढच्या जानेवारीत, म्हणजे हंगाम संपून आमरस आटल्यावर. तेव्हा आम्ही इथे नव्हतो.

पेटी उघडल्यावर अबीर फूटपट्टी घेऊन आला. मी ती काढून घेतली आणि त्याला बनियनवर बाल्कनीत बसवलं. चिपळूणला आपणही मोजायचोच की, पण खाऊन झाल्यावर, बाठे. अप्पामामा काठीने ढीग वेगळे करायचे, आणि ज्याचा ढीग मोठा त्याने विहिरीवरून पाणी आणायचं. तरी कोणी एक बाठा लपवत नसे. अबीरने दोन खाल्ले, कोपरापर्यंत रस, आणि विचारलं, ‘आता कोण मोजणार?’ मला एकदम उत्तरच देता येईना. वॉशिंग मशीन वाजलं म्हणून बरं, आत गेले.

आता मुख्य काम. तुझ्या पत्रात शेवटी चार ओळी आहेत, की बंड्याच्या लग्नात केटरर बटाट्याची भाजी काढून पनीर घालायचं म्हणतोय आणि मुलीकडचे तयार आहेत. तुम्ही तयार होऊ नका. आम्ही तिकिटं काढली आहेत. पनीर इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. त्यासाठी मी दोन माणसं घेऊन नऊ तास विमानात बसणार नाही. बाबांना म्हणावं आजच त्याला फोन करा, मसालेभात, मठ्ठा आणि पिवळी बटाट्याची भाजी, कढीपत्ता सढळ हाताने. पंगतीत अबीर काय म्हणेल ते मी बघून घेते.

तुझी,
मनू