यंदाही अपग्रेड न केल्याबद्दल जाहीर आभार

प्रति,
स्वतःचा प्रायव्हेट क्लाउड बाळगणाऱ्या तमाम कंपन्यांची चेंज ॲडव्हायझरी बोर्डे

विषय : बेअर मेटल प्रोव्हिजनिंगचे अपग्रेड पुढे ढकलल्याबद्दल अभिनंदन
संदर्भ : ‘चाललंय ना? मग हात कशाला लावता?’ हा आपला तोंडी आदेश

सन्माननीय सदस्यहो,

वरील विषयास अनुसरून कळविण्यास आनंद होतो की, आपण मंजूर न केलेल्या अपग्रेडमुळे या वर्षीही काहीही बिघडलेलं नाही. बिघडायला आधी कुणीतरी नवा सर्व्हर मागावा लागतो.

आपल्यापैकी काही जण वित्त विभागातून आलेले आहेत, म्हणून हे बेअर मेटलचं खातं नेमकं करतं काय ते सांगतो. रॅकमध्ये एक कोरा सर्व्हर बसवलेला असतो. ओपनस्टॅकमधली आयर्निक ही सेवा (२०१५ च्या किलो आवृत्तीपासून अधिकृतपणे घरातली) त्याच्या बीएमसीला (मदरबोर्डवरच्या देखरेखीच्या चिपला) सांगून तो चालू करते, पीएक्सईने नेटवर्कवरून एक छोटा एजंट त्याच्या मेमरीत उतरवते, एजंट डिस्कवर इमेज लिहितो आणि मशीन मागणाऱ्याच्या ताब्यात जातं. परत आलं की डिस्क पुसायची आणि पुन्हा रांगेत लावायचं. बस. सर्व्हर एकदा स्वतःच्या डिस्कवरून चालू झाला की आयर्निक त्याच्या वाटेत कुठेच नसतं. ही सगळी कामं करणारा आयर्निकचा कंडक्टर बंद केला तरी चालू मशीन चालूच राहतं. तेवढ्या वेळात नवं मशीन मिळत नाही आणि आयर्निकमार्फत पॉवर चालू-बंद करता येत नाही, इतकंच. तरी आपल्या जोखीम-तक्त्यात या कामापुढे ‘परिणाम : संपूर्ण प्रॉडक्शन’ असं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. हेच बोर्ड फायरवॉलचा नियम शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मंजूर करतं, ती गोष्ट वेगळी.

आपल्या मुहूर्तशास्त्राबद्दल तर बोलावं तितकं थोडं. पितृपक्ष पंधरा दिवसांत उरकतो. आपला चेंज फ्रीज, म्हणजे बदलबंदी, सणासुदीच्या सेलपासून सुरू होतो, दिवाळीला वळसा घालतो, परदेशी क्लायंटच्या नाताळात विसावतो आणि मार्च एंडला येऊन टेकतो. एप्रिलमध्ये टीमची अप्रेझल्स असतात. मे महिन्यात जो एक शनिवार उरतो, त्या दिवशी डेटा सेंटरवाल्यांचं यूपीएसचं काम निघतं.

ओपनस्टॅक मात्र २०१० पासून साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढत बसलं आहे. ऑस्टिनपासून सुरू झालेली इंग्रजी मुळाक्षरं २०२२ च्या ऑक्टोबरात झेडला येऊन संपली, मग त्यांनी पुन्हा एपासून सुरुवात केली. आपल्यासारख्या बोर्डांची कीव येऊनच बहुधा त्यांनी ‘स्लर्प’ नावाची सवलत दिली: २०२३.१ पासून एक आवृत्ती गाळून वर्षातून एकदाच अपग्रेड केलं तरी चालेल. आपण ही सवलत मोठ्या मनाने स्वीकारलीत आणि पूर्वलक्षी प्रभावाने लागू केलीत.

तर समजा, आपला क्लाउड २०१८ च्या फेब्रुवारीतल्या क्वीन्सवर थांबला आहे. तिथून थेट आजच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. रॉकी, स्टाइन, ट्रेन असं करत झेड आणि मग २०२३.१, अशा दहा पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. वर्षाला एक उडी त्यानंतर. दर पायरीवर डेटाबेसचा बॅकअप, स्कीमा बदल, डेटा मायग्रेशन. त्यातली पहिलीच पायरी बघा. क्वीन्सपर्यंत ‘पीएक्सई_आयपीएमआयटूल’ छापाचे जुने ड्रायव्हर चालत होते, रॉकीने ते काढून टाकले. म्हणजे क्वीन्समध्ये असतानाच सगळे नोड, म्हणजे आयर्निकमध्ये नोंदवलेले सर्व्हर, नव्या हार्डवेअर टाइपवर न्यायला हवेत. पुढे आय-स्कझीवरून इमेज लिहिण्याची जुनी पद्धत गेली. मूळ बूट मोड बायोसऐवजी यूईएफआय झाला, आणि हे ज्याने रिलीज नोट्समध्ये वाचलं नाही त्याचे जुने सर्व्हर काळ्या पडद्याकडे टक लावून बसतील. प्रत्येक बदलाची सूचना आधी दिलेली होती, इशाराही छापून येत होता. तो लॉगमध्ये येत असे, आणि लॉग आपण डिस्क भरते म्हणून बंद केले होते.

बरं, वेळच्या वेळी केलं असतं तर काय करावं लागलं असतं? २०१७ च्या पाइकपासून आयर्निकचं रोलिंग अपग्रेड होतं. नव्या कंडक्टरला काही काळ जुन्या आवृत्तीच्या बोलीत बोलायला पिन लावून ठेवायचं, एकेक कंडक्टर उतरवायचा. त्याच्या वाट्याचे नोड बाकीचे कंडक्टर हॅश रिंगप्रमाणे वाटून घेतात. डिप्लॉय किंवा क्लीनिंग अर्ध्यात असलेले नोड आधी पूर्ण होऊ द्यायचे, सगळे कंडक्टर नवे झाले की पिन काढायची. क्रम एवढाच पाळायचा की आधी आयर्निक, मग नोव्हा (ओपनस्टॅकची मशीन वाटणारी सेवा). मागे एका बोर्डाने नोव्हाला मंजुरी दिली आणि आयर्निक ‘पुढील बैठकीत’ ठेवलं. नोव्हाचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं.

अपग्रेडच्या रंगीत तालमीचा प्रस्ताव आपण ‘बजेट नाही’ म्हणून फेटाळलात, हेही योग्यच. व्हर्च्युअलबीएमसी किंवा सुशी-टूल्स वापरून साध्या व्हर्च्युअल मशीनना बेअर मेटलचं सोंग घ्यायला लावता येतं आणि त्याला जवळपास काहीच खर्च येत नाही. फुकटच्या गोष्टीला बजेट कुठून मिळणार? खऱ्या बीएमसीचे रुसवेफुगवे त्यात कळत नाहीत, हे मान्य. त्यासाठी प्रत्येक मॉडेलचा एखादा भंगारात निघालेला सर्व्हर बाजूला ठेवावा लागतो. तो आपण लिलावात काढलात. जिनेव्हाजवळच्या सर्नने हजारो सर्व्हर आयर्निकखाली आणले, असं कुणी सांगू लागलं की आपण म्हणता, ‘त्यांचं वेगळं आहे, आपलं काम क्रिटिकल आहे.’ ते बिचारे विश्वाची उत्पत्ती शोधतात, त्यांना थोडं इकडेतिकडे झालेलं चालतं.

बीएमसीशी बोलण्याच्या आयपीएमआय या जुन्या प्रोटोकॉलचा उल्लेख टाळणार होतो. पण राहवत नाही. आयपीएमआय २.० हे २००४ चं. नुसतं खात्याचं खरं नाव सांगितलं तरी समोरच्याला पासवर्डचा हॅश काढून देण्याचा अगत्यशील स्वभाव त्याच्या प्रोटोकॉलमध्येच आहे, आणि हे २०१३ पासून जाहीर आहे. यावर उतारा म्हणून रेडफिश हे नवं मानक २०१५ मध्ये आलं. आपण मात्र जुन्यावरच निष्ठा ठेवून आहात, कारण सुरक्षेच्या ऑडिटमध्ये ‘व्यवस्थापन नेटवर्क वेगळे आहे काय?’ एवढाच प्रश्न असतो. त्यापुढे ‘होय’वर खूण करायची. ते नेटवर्क आणि गेस्ट वायफाय एकाच स्विचवर आहेत, हे विचारायला ऑडिटरकडे रकाना नाही.

शेवटी एक व्यक्तिगत विनंती. ज्या मुलाला त्या जुन्या कंडक्टरची कॉन्फिग फाइल कळते, त्याने राजीनामा दिला आहे आणि नोटीस पिरियडवर आहे. त्याच्या निरोप समारंभाला केक मंजूर व्हावा. हा खर्च कोणत्याही फ्रीजमध्ये बसत नाही, याची खात्री करून घेतली आहे.

आपला नम्र,
रात्रपाळीचा एक इंजिनिअर

सोबत : मागील बैठकीच्या ठरावाची प्रत. यंदा फक्त तारीख बदलावी.