मामांचं रीडिंग

बारावीच्या प्रॅक्टिकलला पोटॅशियम परमँगनेट असलं, की आई मला जुना शर्ट घालायला लावायची. परमँगनेटची आणि आमच्या वाड्याची ओळख जुनी. पावसाळ्यात विहिरीत ती जांभळी पूड पडायची, पाणी दोन दिवस गुलाबी दिसायचं. पण विहिरीला कुणी रीडिंग मागत नव्हतं.

कॉलेजात मागायचे. ब्युरेटमध्ये परमँगनेट, फ्लास्कमध्ये 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात विरळ सल्फ्युरिक. मग फ्लास्क 60-70 अंशांपर्यंत तापवायचा. थर्मामीटर अख्ख्या बॅचला एक, म्हणून हाताच्या पाठीला चटका बसला की तापलं असं धरायचं. पिपेट तोंडाने ओढायची. एकदा शेजाऱ्याने ऐन वेळी हसवलं आणि ऑक्झॅलिक थेट जिभेवर आलं. ते विषारी असतं, हे सरांनी मी थुंकल्यावर सांगितलं. चुळा भरून भरून दमलो, तरी दात संध्याकाळपर्यंत आंबलेले.

समीकरण आम्ही टेलिफोन नंबरासारखं पाठ केलं होतं : दोन, तीन, पाच; एक, दोन, आठ, दहा. नावांचा घोळ मात्र सुटेना. इलेक्ट्रॉन देतं ऑक्झॅलिक, म्हणून ते क्षपणक. पण ऑक्सिडीकरण होतं त्याचंच. घेणारं परमँगनेट ऑक्सिडीकारक, आणि क्षपण त्याचं. शेवटी वडिलांचे हातउसने व्यवहार आठवले. जो देतो तो गमावतो आणि नावही त्यालाच ठेवतात. तेवढं डोक्यात बसलं.

खरी गंमत पहिल्या थेंबाची. तो पडतो आणि गुलाबी होऊन नुसता रेंगाळतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला माणूस नाचायला लाजतो ना, अगदी तसा. एकदा थोडं मँगनीज +7 वरून +2 ला उतरलं, की ते मँगनीजच पुढच्या थेंबांना हाताला धरून ओढतं आणि मग रंग पडल्यापडल्या नाहीसा. वेगळा दर्शक लागत नाही. ऑक्झॅलिक संपलं, की पुढच्या एका थेंबाने फिकट गुलाबी छटा येते आणि टिकते. तिथे थांबायचं. आमची बॅच मात्र गुलकंदापासून टपोऱ्या जांभळापर्यंत कुठेही थांबायची.

तीन रीडिंगं घ्यायची, त्यातली निदान दोन तंतोतंत जुळायला हवीत. त्याला म्हणायचं सी.बी.आर. तंतोतंत जुळणारी दोन माणसं मी आमच्या वाड्यातही पाहिली नव्हती, पण जर्नलात दर आठवड्याला जुळायची. त्याचं श्रेय लॅबच्या मामांना. द्रावणं तेच बनवायचे, त्यामुळे उत्तर आधीपासून त्यांच्या खिशात.

बोर्डाच्या परीक्षेत माझं पहिलं रीडिंग आलं 11.4. दुसऱ्या वेळी सल्फ्युरिक घालायलाच विसरलो आणि फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ काहीतरी तयार झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा चहा कुणाचा?" गडबडीत ब्युरेटचा कॉक निसटून जांभळी धार शर्टावर. तेवढ्यात मामा काचा गोळा करायच्या निमित्ताने रांगेतून गेले आणि छताकडे बघत पुटपुटले, "नऊ आठ."

मी 11.4 खोडलं. 9.8, 9.8, 9.8 असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. तोंडीत परीक्षकांनी विचारलं, "हायड्रोक्लोरिक का नाही घालत?" ते येत होतं : परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचाच क्लोरीन करत बसतं आणि रीडिंग फुगतं. "अन् वरच्या कडेचं रीडिंग का घेतोस?" गडद रंगात खालची वक्रता दिसत नाही म्हणून. साहेब खूश दिसले. मग त्यांनी माझ्या कागदावरचा 9.8 पाहिला, स्वतःजवळची चिठ्ठी पाहिली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले.

बाहेर मामा भेटले. "काय लिवलंस?"

"नऊ आठ."

"बैठक नंबर?"

सांगितला. मामांनी कपाळावर हात मारला. "अरे, समवाल्यांचं द्रावण येगळं होतं! तुझं अकरा तीन. मी विषमवाल्यांना सांगत हुतो."

तोवर शर्टावरचा डाग वाळून काळपट तपकिरी झाला होता. मामा आत गेले, टेस्ट ट्यूबमध्ये उरलेलं ऑक्झॅलिक घेऊन आले, त्यात दोन थेंब सल्फ्युरिक टाकलं आणि बोळ्याने डागावर लावलं. डाग बघता बघता विरला. नळाखाली शर्ट चोळत मामा म्हणाले, "आईला म्हणावं, पेपर बरा गेला."