फोटोखाली चार ओळी

फोटोग्राफर अबोल असतात असं कुणी म्हणालं, तर त्याने अलीकडे एकही लग्न पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं. गुरुजींच्या वर आवाज चढवून "काका, जरा डावीकडे", "मामी, तेवढी पिशवी खाली ठेवा", "नवरदेव, हसा की, अजून काही झालेलं नाही" असं म्हणणारा माणूस अबोल कसा? लग्न अडवून धरायचा मान पूर्वी रुसलेल्या व्याह्यांकडे असे, आता तो कॅमेऱ्याकडे गेला आहे. पण ह्याच माणसाला "तुझ्या कामाबद्दल चार ओळी लिहून दे" म्हणा. तो एकदम गप्प होतो आणि मोबाइल पुढे करतो. "बघा ना. फोटोच बोलतात."

माझा साताऱ्याचा भाचा ह्याच पंथातला. हात चांगला, नजर त्याहून चांगली. इन्स्टाग्रामवर त्याच्या फोटोंखाली "कडक फ्रेम, भावा", "टोन एक नंबर" असा कौतुकाचा पाऊस पडतो. पण कौतुक करणारे बहुतेक स्वतःच फोटोग्राफर. त्यांना भाच्याकडून फोटो काढून घ्यायचे नसतात, तो कोणती लेन्स वापरतो एवढंच हवं असतं. मुलीच्या बापाला टोन म्हणजे काय ते ठाऊक नसतं आणि त्याचं काही अडतही नाही. "मामा," भाचा एकदा वैतागून म्हणाला, "लाइक भरपूर येतात हो, तारखा येत नाहीत."

त्याचं दुखणं खरं होतं. इन्स्टाग्राम ही जत्रा आहे. माणूस आलेला असतो पाळण्यात बसायला, जाताजाता आपल्या दुकानाकडे बघतो, "वा" म्हणतो आणि पुढे सरकतो. गूगलच्या पेटीत 'वेडिंग फोटोग्राफर सातारा' असं लिहिणारा मात्र घरून यादी घेऊनच निघालेला असतो. त्याच्याकडे मुहूर्त आहे, कार्यालय ठरलं आहे, आता फोटोवाला हवा आहे. शिवाय जत्रेची जागा आपल्या मालकीची नाही. २०१० साली इन्स्टाग्राम सुरू झालं ते फोटोंसाठी. २०१२ मध्ये ते फेसबुकने विकत घेतलं, पुढे रील आले, आणि स्थिर फोटो हेच ज्याचं काम त्या माणसाला चार लोकांनी बघावं म्हणून गाण्यावर मान हलवायची पाळी आली.

तेव्हा भाच्याने स्वतःची वेबसाइट काढली आणि एसईओ करायचं ठरवलं. एसईओ म्हणजे कुणी शोधायला निघाला तर त्याला आपण सापडावं अशी तजवीज. "मामा, तुम्ही लिहिता ना? मग तेवढा मजकूर द्या." ललित लेखकाच्या लेखनाची घरात कुणाला गरज पडावी हा प्रसंग दुर्मीळच. मी लगेच हो म्हणालो.

पहिलाच फोटो मेणवलीच्या घाटावरचा होता. वाईजवळचं हे नाना फडणविसांचं गाव २००४ च्या 'स्वदेस'मध्ये दिसलं, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला तिथे जोडप्यांची रीघ असते. फोटोत नवरी पायरीवर वाकून पैंजण अडकवते आहे आणि नवरदेव दोन पायऱ्या वर तिची चप्पल हातात धरून, संसाराचा पहिला धडा गिरवल्यासारखा उभा आहे. मागे कृष्णेचं पाणी. सुंदर फोटो! नाव काय, तर 'डीएससी_४३८२'. कॅमेऱ्याने बारशाला ठेवलेलं हेच नाव घेऊन तो इंटरनेटवर गेला होता. 'मेणवली घाट प्री-वेडिंग' असं शोधणाऱ्याने डीएससी_४३८२ कुठून ओळखावं? यंत्राला हल्ली फोटोत दोन माणसं आहेत, पाणी आहे, एवढं कळतं. पण ह्या पोराला बोलवायला फोन कुठे करायचा, हे पाण्यावर थोडंच लिहिलेलं असतं?

फोटोला 'आल्ट टेक्स्ट' नावाची एक ओळ जोडता येते. ती मुळात दृष्टिहीन माणसासाठी. त्याचा संगणक ती त्याला वाचून दाखवतो. गूगलही चित्र समजून घ्यायला तिचा आधार घेतं. भाच्याने सगळ्या फोटोंना एकच ओळ लावली होती: 'अविस्मरणीय क्षण'. मेणवली अविस्मरणीय, बारसं अविस्मरणीय, एका आजोबांची साठीशांतही अविस्मरणीय. मी म्हणालो, "अरे, ज्याला दिसत नाही त्याला ह्यातून काय दिसलं?" मग आम्ही लिहिलं: 'मेणवली घाटाच्या पायरीवर पैंजण अडकवणारी नवरी आणि तिची चप्पल धरून उभा असलेला नवरदेव'. भाच्याने वाचून मान हलवली. "मामा, ह्यात काव्य नाही." आयुष्यभर संपादकांनी माझ्या लेखनातलं काव्य कमी केलं, भाच्याला ते वाढवून हवं होतं.

खुद्द गूगलचा चित्रशोध तरी कसा जन्मला? २००० सालच्या ग्रॅमी सोहळ्याला जेनिफर लोपेझ हिरवा पोशाख घालून आली. लोक त्यासाठी गूगलवर तुटून पडले. त्यांना बघायचा होता पोशाख, आणि गूगलकडे द्यायला होत्या फक्त निळ्या ओळी. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, गूगलने चित्रशोध सुरू केला. म्हणजे हवं होतं चित्र, तरी पेटीत लिहावे लागले शब्दच. फोटोग्राफरने एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

वेबसाइट निघाल्याचा सुगावा लागताच "पहिल्या पानावर पहिला नंबर, गॅरंटी" असं सांगणाऱ्यांचे फोन सुरू झाले. पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही असं गूगल स्वतः सांगतं; पण फोनवरच्या आवाजात आत्मविश्वास असा की गूगल त्याच्या मेव्हण्याचंच असावं. एकाने नमुना म्हणून मजकूरही धाडला: 'साताऱ्यातील बेस्ट वेडिंग फोटोग्राफर शोधताय? सातारा बेस्ट वेडिंग फोटोग्राफर हे साताऱ्यातील बेस्ट वेडिंग फोटोग्राफर आहेत.' हे वाचून गिऱ्हाईक सातारा सोडून कराडला गेलं असतं. शब्दांची अशी खोगीरभरती गूगल गैरप्रकारात धरतं. कीवर्डचा जो छुपा टॅग पूर्वी पानात कोंबत, तोही क्रमवारीसाठी आपण पाहत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

मग फोटोंचं वजन. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो सहज दहा-बारा एमबीचा, आणि भाच्याने ते जसेच्या तसे चढवलेले. खंबाटकी घाटात गाडीत बसून कुणी साइट उघडली, तर घाट उतरेपर्यंत नवरीचं कपाळ आणि अर्धी मुंडावळी एवढंच दिसायचं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा. फोटो बारीक करताना भाच्याचा जीव तुटत होता.

गूगलच्या नकाशावरच्या नोंदीत मात्र त्याला मजा आली. ती फुकट असते, आणि जवळपासचं दुकान दाखवताना गूगल तीन गोष्टी पाहतं: मागणीशी मेळ, अंतर आणि नाव. अंतर हातात नाही, नाव मात्र गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांनी वाढतं. ह्या अभिप्रायांचं एक स्वतंत्र साहित्यसंमेलन भरवता येईल. 'फोटो छान. अल्बम उशिरा.' 'मुलगा सज्जन आहे, जेवायला बसला नाही.' आपली माणसं स्तुती करतात तीही मोजून-मापून. म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

खरी लढाई झाली दरांवरून. 'रेटसाठी मेसेज करा' ही ओळ त्याला प्राणप्रिय. मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे लोक आधी दर विचारतात, मग नाव." शेवटी अमुकपासून तमुकपर्यंत असं लिहिलं गेलं. सोबत दोन पानं आली. एक मेणवलीचं: गाडी कुठे लावायची, पायऱ्यांवर कोणती चप्पल नको, गर्दी कधी असते. दुसरं कासच्या पठाराचं: आधी ऑनलाइन नोंदणी करा, आणि फुलांत बसून फोटो काढून मिळणार नाहीत, कारण फुलं तुडवायला तिथे मनाई आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारं पान चालेल का, अशी शंका भाच्याला होती. लोक विचारतात तेच तिथे लिहिलेलं असल्यामुळे तेच पान जास्त वाचलं जातं.

ह्या कामाला वेळ लागतो. फळ दिसायला चार महिने ते वर्ष धरा, असं गूगलची माणसंच सांगतात. आपल्याकडे त्याची सोय पूर्वजांनीच केली आहे: आषाढी ते कार्तिकी, चातुर्मास! मुहूर्त नाहीत, कॅमेरा कपाटात, फोटोग्राफर घरी. एरवी तो त्या काळात लेन्सचे भाव बघत बसतो.

परवा न्यू जर्सीहून एका बाईंचा फोन आला. साताऱ्यातल्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, गूगलवर शोधताना साठीशांतीचे फोटो दिसले, तारीख मोकळी आहे का? त्या बाई इन्स्टाग्रामवर नाहीत, वडील तर नाहीतच.

तेव्हा फोटोग्राफर मित्रांनो, रील करा, हौस म्हणून नाचाही. पण चातुर्मासात एकदा खाली बसा, प्रत्येक फोटोखाली गाव लिहा, प्रसंग लिहा, कुठेतरी दर लिहा आणि फोन नंबर बरोबर आहे ना ते तपासा. आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचला.